अंगणाचा कोबा दरवर्षी सुटतो? सिमेंटची गोणी फोडण्याआधी हे तपासा

गणपतीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या वाडीत घरोघरी घमेली वाजायला लागतात. मुंबईची मंडळी येणार, अंगण काळं पडलंय, पायवाटेवर खडी उघडी पडलीय, कुणाचा तरी पाय घसरून झालेला असतो. मग एक गोणी सिमेंट आणायचं, पातळ घोळ कालवायचा आणि खराट्यानं सगळीकडे फासून टाकायचा. दोन दिवस अंगण नव्यासारखं दिसतं. गौरी जाईपर्यंत पोपडे धरतात, दिवाळीत पायाखाली चुरचुरतं आणि पुढच्या श्रावणात पुन्हा गोणी.

हा घोळ मी स्वतः लागोपाठ तीन वर्षं फासला आहे. कोकणात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पाण्याखाली कागदाएवढा थर टिकेल असं मला का वाटलं, देव जाणे. चौथ्या वर्षी खोलात गेलो. त्यानंतर शेजारच्या काकूंचं खळं, मामांची विहिरीकडची पायवाट, बहिणीचं सोलापूरकडचं अंगण आणि वाडीतली आणखी चार-पाच अंगणं दुरुस्त केली. मी गवंडी नाही. पण सगळीकडे दुखणं तेच, आणि ते सिमेंट कमी पडल्याचं नाही. पाणी नको तिथं येतंय, नाहीतर येऊन जात नाहीये. म्हणून तपासण्या याच क्रमानं करा: फुकटच्या आधी, पैशाच्या नंतर.

लक्षणं

यातली दोन-तीन तरी तुमच्याकडे असतील:

- झाडलं की दर वेळी राखाडी पावडर निघते.
- वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो, खाली खडी दिसते.
- पावसाळ्यात ठरावीक जागीच शेवाळ धरतं, बाकी अंगण बरं असतं.
- उन्हाळ्यात पांढरी बुरशीसारखी पूड वर येते. ती बुरशी नसते, लोणा असतो, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार.
- तडे पडलेत आणि काही ठिकाणी तड्याची एक बाजू वर, एक खाली आहे.
- चालताना एखाद्या जागी डबडब आवाज येतो.
- गेल्या वर्षी बुजवलेलं भोक यंदा त्याच जागी उघडं पडलं.

शेवटचं लक्षण सगळ्यात बोलकं. दुरुस्ती त्याच जागी पुन्हा सुटत असेल तर नुसतं मालाला किंवा गवंड्याला नावं ठेवून भागत नाही, कारण तिथंच बसलेलं असतं.

पहिली तपासणी: छत्री घेऊन उभं राहा

खर्च शून्य. चांगली सर आली की छत्री घेऊन अंगणात पंधरा मिनिटं उभं राहायचं. पाऊस नसेल तर दहा-बारा बादल्या पाणी घराच्या बाजूनं ओतायचं. पाणी कुठून येतं, कुठं वळतं, कुठं थांबतं हे बघायचं. सर थांबल्यावर अर्ध्या तासानं जिथं डबकं उरलंय त्याच्या कडेनं कोळशानं रेघ मारून ठेवायची. नंतर सगळं सुकलं की जागा आठवत नाही, मी फसलो आहे.

आमच्या अंगणात जोत्यापासून अडीच फुटांवर एक सरळ रेघ होती. वीत-वीत अंतरावर हरभरा बसेल एवढे खळगे, एकामागोमाग एक, पार पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक खळग्यात खडीचा एक दाणा धुऊन चकचकीत झालेला. ती रेघ मी कित्येक वर्षं खाली मान घालून बघत होतो. वर मान केली तेव्हा कळलं की एकेक खळगा एकेका कौलाच्या बरोबर खाली आहे. पागोळ्या! चार महिने त्याच बिंदूवर पाणी आपटतं, आधी सिमेंट धुतं, मग वाळू, आणि खडी उघडी पडली की पाणी थरात मुरायला मोकळं. मी घोळ फासत होतो तो नेमका याच रेघेपासून सुटायला सुरुवात व्हायची.

इलाज दोन. पैसे असतील तर पीव्हीसीची पन्हळ लावा आणि तिचं पाणी नळीनं माडाच्या आळ्यात न्या. पैसे कमी असतील तर पागोळीच्या रेघेवरची फूटभर रुंद कोब्याची पट्टी सरळ कापून काढा, चार-पाच इंच खोल चर करा आणि त्यात नदीतले गोटे किंवा मोठी खडी भरा. चराच्या तळाला उतार बाहेरच्या बाजूनं हवा, जोत्याकडे नको. नाहीतर अंगण वाचवून घराच्या पायात पाणी घालाल. गोट्यांवर पागोळी पडली की उडत नाही, भिंतही मळत नाही. दिसायलाही ती पट्टी बरी दिसते, हा फायदा मागाहून लक्षात आला.

पागोळीशिवाय पाण्याचे नेहमीचे गुन्हेगार म्हणजे अंगणातला नळ, भांडी घासायची जागा, कोब्यावर ठेवलेल्या कुंड्या आणि वरच्या बांधातून झिरपणारं पाणी. आणखी एक आमच्याकडचा खास: मांडवाच्या खांबांची भोकं. दिवाळीत मांडव घालायचा, पावसाआधी काढायचा, भोकं तशीच. प्रत्येक भोक म्हणजे कोब्याच्या खाली पाणी सोडणारं नरसाळं. जूनच्या आधी भोकात पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून त्याला बूच घाला. भोक दरवर्षी सिमेंटनं बुजवून दरवर्षी फोडत बसायला नको.

ही पहिली तपासणी टाळून पुढं गेलात तर खालचं सगळं फुकट आहे, म्हणून एवढं लांबवलं.

दुसरी: घासून धुवा, मग बोला

निम्म्या अंगणांना धुण्याशिवाय काहीही लागत नाही. काळं पडलेला कोबा खराब झालेला असतोच असं नाही; वर शेवाळ आणि धूळ बसलेली असते.

आधी कोरड्या खराट्यानं आणि तारेच्या ब्रशनं घासा. लोणा असेल तर तो कोरडाच झाडून उचलून टाका; पाणी मारलंत तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि सुकल्यावर परत वर येतात. मग १० लिटरच्या बादलीत २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी अंगणावर पसरा. अर्धा तास ठेवून घासा आणि भरपूर पाण्यानं धुऊन काढा. तुळशीत, भाजीच्या वाफ्यात किंवा विहिरीकडे हे पाणी जाऊ देऊ नका. गुरं, कुत्री, पोरं लांब ठेवा.

दोन गोष्टी अजिबात करू नका. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आणू नका, एकामागोमाग एकसुद्धा नको. क्लोरीन वायू निघतो आणि तो छातीत गेला तर दवाखाना गाठावा लागतो. दुसरं म्हणजे संडास-बाथरूमचं ॲसिड अंगणावर ओतू नका. त्यानं अंगण पटकन पांढरं दिसतं खरं, पण ॲसिड शेवाळाबरोबर सिमेंटही खातं, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पुढच्या पावसात शेवाळ दुप्पट धरतं.

धुऊन सुकल्यावर अंगण बरं दिसलं आणि पुढच्या तपासण्यांत पास झालं तर सिमेंट आणूच नका. काकूंच्या खळ्यावर एवढ्यातच काम भागलं. त्या म्हणाल्या, “अरे, मग गेली पाच वर्षं आम्ही काय करत होतो?” काय उत्तर देणार.

तिसरी: खिळा आणि पाण्याचा थेंब

एक जाड खिळा घ्या आणि कोरड्या कोब्यावर जोर देऊन ओरखडा काढा. नुसती पांढरी रेघ उमटली तर पृष्ठभाग ठीक. खिळा रुतून चरा पडला आणि पावडर निघाली तर वरचे काही मिलिमीटर कच्चे आहेत. हे बहुतेक वेळा जन्मजात असतं. माल ओतताना पाणी जास्त घातलेलं असतं, किंवा वर तरंगलेलं पाणी लवकर सुकावं म्हणून गवंड्यानं कोरडं सिमेंट भुरभुरवून घोटलेलं असतं. तेव्हा छान गुळगुळीत दिसतं, पण वरची ती साय कधीच घट्ट होत नाही.

मग पाण्याचे चार थेंब टाका. थेंब लगेच शोषला गेला तर कोबा तहानलेला आहे, वर काहीही लावण्याआधी तो आतपर्यंत भिजवावा लागेल. थेंब मोत्यासारखा तसाच राहिला तर तेल, मेण किंवा जुना रंग बसलेला आहे आणि त्यावर काहीही चिकटणार नाही.

नुसती पावडर निघत असेल, थर सुटत नसेल, तर सोडियम सिलिकेट हा स्वस्त उपाय आहे. रसायनांच्या दुकानात पातळ पाकासारखं मिळतं. १ भाग सिलिकेट, ४ भाग पाणी, स्वच्छ आणि कोरड्या कोब्यावर ब्रशनं लावायचं, दुसऱ्या दिवशी धुऊन सुकवून पुन्हा, असे दोन-तीन हात. कोब्यातल्या मोकळ्या चुन्याशी त्याची क्रिया होऊन छिद्रं भरतात. हातमोजे आणि चष्मा घाला, आणि काचेवर किंवा फरशीवर उडालं तर लगेच पुसा, नंतर निघत नाही. यानं खड्डा भरत नाही किंवा सुटलेला पोपडा चिकटत नाही. फक्त पावडर थांबते.

रंग मारायचा विचार असेल तर आधी दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद कोब्यावर ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा. १६ तासांनी उचला. खाली दव जमलं असेल किंवा कोबा काळपट ओला झाला असेल तर खालून ओल येतेय. रंग फुगणारच. जाहिरातीत काहीही म्हणोत.

चौथी: ठोकून ऐका

पहारीचं बोथट टोक किंवा लाकडी दांडका घ्या आणि फुटाफुटावर हलकं आपटत अंगणभर फिरा. दुपारी वाडी शांत असते तेव्हा करा. भरीव कोबा ‘टण्’ असा खणखणीत बोलतो. सुटलेली जागा दोन प्रकारे बोलते. ‘टकटक’ असा पातळ, कवडीसारखा आवाज म्हणजे फक्त वरचा थर सुटलाय. ‘ढब्ब’ असा ढोलासारखा आवाज म्हणजे कोब्याच्या खालची भराव-माती खचलीय आणि मधे पोकळी आहे. पहिल्याला दुरुस्ती आहे, दुसऱ्याला फोडणं आहे. दोन्ही जागा खडूनं वेगवेगळ्या खुणा करून ठेवा.

माझा हिशेब असा: पोकळ जागा एकूण अंगणाच्या पाव हिश्शाहून कमी असतील तर तुकड्यातुकड्यांनी दुरुस्त करा. तिसऱ्या हिश्शाच्या पुढं गेल्या तर ठिगळं लावण्यात पैसे घालू नका.

जुन्या घोळाचे थर आता कळतात. आमच्याकडे तीन थर एकावर एक, पापडासारखे, मधे हिरवी शेवाळाची रेघ. छिन्नी बाजूनं सरकवली की हातभर पोपडा एकदम उचलून यायचा. घोळ का सुटतो ते त्या हिरव्या रेघेनंच सांगितलं. घोळाला खाली कोबा मिळालाच नाही, शेवाळ मिळालं. शिवाय नुसतं सिमेंट सुकताना आखडतं. त्याला धरून ठेवायला वाळू-खडी नसते. आणि तहानलेला जुना कोबा त्यातलं पाणी आधीच ओढून घेतो, मग सिमेंट घट्ट व्हायचं कशानं? तर जुने पोपडे सगळे निघाले पाहिजेत. त्यांच्यावर काहीही चढवू नका.

पाचवी: तडे वाचा

बारीक जाळीसारखे, नखाला जेमतेम लागणारे तडे हे पहिल्याच आठवड्यात ऊन लागून पडलेले असतात. ते वाढत नाहीत. सोडून द्या.

लांब, सरळसा तडा, दोन्ही बाजू एका पातळीत: ओतताना सांधे सोडले नाहीत म्हणून कोब्यानं स्वतःच सांधा पाडून घेतला. चार इंच जाडीच्या कोब्याला ८ ते १० फुटांवर सांधा लागतो, तीन फुटी पायवाटेला तीन-चार फुटांवर. तड्यात एक रुपयाचं नाणं उभं शिरत असेल, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, तर तो भरायला हवा. नाहीतर पाणी खाली जाऊन भराव धुतं.

एक बाजू वर, एक खाली: हा कोब्याचा रोगच नाही, खालचा आहे. भराव खचलाय किंवा मुळं उचलतायत. मुळांबद्दल एक सांगतो. माडाला उगाच दोष देतात. त्याची मुळं तंतूंसारखी असतात आणि जाड होत नाहीत, त्यामुळे कोबा सहसा उचलत नाहीत. आंबा, जांभूळ, औदुंबर, पिंपळ हे उचलतात.

तडा अजून हलतोय की थांबलाय हे कळायला त्याच्यावर आडवी प्लास्टर ऑफ पॅरिसची बोटभर पट्टी लावा आणि पेन्सिलीनं तारीख लिहा. आडोशाच्या जागी लावा, पावसात धुपते. पट्टी चिरली तर तडा जिवंत आहे. जिवंत तड्यात सिमेंट भरू नका, शेजारी नवा तडा पडतो. त्यात पॉलीयुरेथेनचं रबरासारखं सीलंट भरा. स्वस्तात हवं तर डांबरात वाळू कालवून भरा, काळी रेघ दिसेल एवढंच.

बहिणीच्या सोलापूरकडच्या अंगणात हे शिकलो. काळी माती मे महिन्यात आखडते आणि पावसात फुगते, तडे वर्षातून एकदा उघडायचे आणि एकदा मिटायचे. मी कोकणातल्या सवयीनं उन्हाळ्यात सिमेंटनं गच्च भरून आलो. ऑगस्टमध्ये तिचा फोन, “दादा, तू भरलेलं तसंच आहे, पण कडेचा कोबा फुटला.” माती फुगली, तडा मिटायला जागा उरली नव्हती.

मेलेला तडा मात्र पक्का भरता येतो. छिन्नीनं अर्धा इंच रुंद आणि पाऊण इंच खोल करा, ब्रशनं आणि पाण्यानं आतली धूळ काढा, ओला करा पण आत पाणी साचू देऊ नका. मग १ भाग सिमेंट, ३ भाग बारीक वाळू आणि पाण्यात मिसळलेलं एसबीआर लॅटेक्स (माल चिकटावा म्हणून घालायचं रबराचं दुधासारखं द्रव) असा माल दाबून भरा. लॅटेक्सचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, तेच घ्या. जास्त घालून जास्त चिकटत नाही.

सहावी: उतार मोजा

इथून मदतीला दुसरं माणूस लागतं. पारदर्शक नळीत पाणी भरा, बुडबुडे काढा, एक टोक जोत्याशी आणि दुसरं अंगणाच्या बाहेरच्या कडेला धरा. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच राहते, तिथून खाली कोब्यापर्यंत टेपनं मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे उतार. १० फुटांना २ इंच हवा. १ इंचापर्यंत चालवून घेता येतं. त्याहून कमी असेल तर पाणी रेंगाळणार आणि शेवाळ धरणार, मग वर काहीही लावा. उतार घराकडे असेल तर बाकी सगळं सोडून आधी तेच काम.

फक्त दोन-तीन डबकी असतील तर कोळशाच्या रेघांएवढ्याच जागा उचलून भरता येतात. सगळा उतारच चुकलेला असेल तर नवा थर द्यायचा निर्णय इथं होतो.

सातवी: कडेला खणून बघा

अंगणाच्या कडेला बाहेरून फूटभर खड्डा घ्या आणि कोब्याचं पोट बघा. किती इंच जाड आहे? खाली दगडी सोलिंग (रचून बसवलेल्या दगडांचा थर) किंवा धुमसलेला मुरूम आहे की नुसती लाल माती आणि पालापाचोळा? घुशींची बिळं आहेत का? पहार आडवी घालून बघा. सहज आत गेली तर पोकळी आहे.

कोबा दोन इंचांहून पातळ आणि थेट मातीवर असेल तर त्यावर चढवलेला थर दोन-तीन वर्षांचा पाहुणा. चांगल्या मुरुमावर तीन-चार इंच असेल तर वरचं सगळं दुरुस्तीजोगं आहे, खुशाल पैसे घाला.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

तडा अंगणातून जोत्यावर आणि भिंतीत चढला असेल तर गवंडीही नको, थेट स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. घराचा पाया हलतोय का, हे पहारीनं कळत नाही.

अंगण भरावावर असेल आणि त्याला धरणारा दगडी बांध पोट काढून फुगला असेल तर कोब्याला हात लावू नका. बांध सुटला तर अंगण माणसांसकट खाली जातं. हे पावसाळ्याआधीच दाखवून घ्या.

‘ढब्ब’ आवाज संडासच्या टाकीच्या, शोषखड्ड्याच्या किंवा बुजवलेल्या विहिरीच्या आसपास येत असेल तर तिथं चालणंही बंद करा. टाकीचं झाकण स्वतः उघडून आत डोकावू नका. आतल्या वायूनं माणूस क्षणात कोसळतो आणि काढायला उतरलेलाही कोसळतो.

भर उन्हाळ्यात एखादी जागा सतत ओली राहते? नळाची पाइप फुटलेली असेल, प्लंबर बोलवा. अंगणाखालून पंपाची किंवा दिव्याची वायर गेली असेल तर फोडण्याआधी वायरमनकडून लाइन बंद करून घ्या. आणि मोठ्या झाडाचं जाड मूळ तोडायचा मोह होईल, पण मूळ तुटलेला आंबा वाऱ्यात घरावर येतो. पायवाट वळवा, मुळाला वळसा घाला.

यातलं काहीच नसेल तर काम तुमचं.

ठिगळ

सुटलेली जागा चौकोनी कापा. कडा उभ्या हव्यात, निमुळत्या नकोत, आणि खोली कडेलासुद्धा निदान एक इंच. कड शून्यावर आणलेला माल तिथंच आधी सुकतो, आखडतो आणि उचलतो; गेल्या वर्षीचं ठिगळ यंदा का निघालं त्याचं उत्तर बहुतेक या कडेत असतं. तळाला छिन्नीनं टाचे मारा, धुवा, रात्रभर ओलं ठेवा, सकाळी वरचं पाणी फडक्यानं टिपा. लॅटेक्स आणि सिमेंटचा हात ब्रशनं चोळून लावा आणि तो ओला असतानाच माल भरा. हात सुकू दिलात तर तोच मधला पापुद्रा होतो.

सगळीकडे नवा थर द्यायचाच असेल तर

आमचं अंगण २० बाय १५ फूट, म्हणजे ३०० चौरस फूट. दीड इंच थराला १ : १.५ : ३ या प्रमाणात सिमेंटच्या ९ गोण्या, १७ घनफूट वाळू आणि ३३ घनफूट बारीक खडी लागली. खडी अर्ध्या इंचाहून बारीक घ्या, दीड इंचात मोठी बसत नाही. लॅटेक्सच्या हातासाठी एक गोणी जादा. सगळं फोडून चार इंची नवं केलं असतं तर २३ गोण्या, शिवाय फोडणावळ आणि मलबा टाकायचा खर्च. वाळू ब्रासवर विकतात, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. आपल्याला सहावा हिस्साही पुरतो. ट्रकवाला पूर्ण ब्रास ओतू पाहील, शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्या. खाडीची वाळू स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिच्यातल्या मिठानं लोणा कायमचा मुक्कामाला येतो.

पाण्याचा हिशेब कडक ठेवा. गोणीमागे २५ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. माल पसरवायला जड जातो म्हणून मजूर “थोडं पाणी मारू का काका?” विचारतातच. नाही म्हणा. तेच ‘थोडं पाणी’ पुढं खिळ्याच्या तपासणीत पावडर होऊन दिसतं.

जुन्या कोब्यात जिथं सांधा किंवा तडा आहे, बरोबर त्याच्यावर नव्या थरातही सांधा सोडा. खालचा तडा वर येतोच. आपण सरळ रेघेत आणला तर नक्षी दिसते, नाहीतर चीर दिसते. भिंतीलगत अर्धा इंच फट ठेवून ती डांबर-वाळूनं भरा.

रंग हवा असेल तर रेड ऑक्साइड कोरड्या सिमेंटमध्येच कालवा, गोणीला अडीच किलो. वरून मारलेल्या रंगासारखा तो सोलून निघत नाही. आणि घोटून आरसा करू नका. माल आवळायला लागला की माडाच्या हिरांचा खराटा हलक्या हातानं चालण्याच्या दिशेला आडवा ओढा. त्या रेघांवर ओल्या पायानं घसरायला होत नाही. गवंड्याला हे आवडत नाही, त्याला गुळगुळीत काम दाखवायचं असतं. आमच्या गवंड्यानं “लोक मला हसतील” असं म्हटलं होतं.

दिवस निवडा दिवाळीनंतरचे, नोव्हेंबर ते जानेवारी. मे महिन्याच्या उन्हात माल आवळण्याआधीच सुकतो आणि पावसात तर विचारूच नका. ओतल्यावर दुसऱ्या दिवसापासून गोणपाट पसरून ते सतत ओलं ठेवा. बाजारात बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मिळतं, त्याला निदान १० दिवस. जुन्या ओपीसीला, म्हणजे साध्या सिमेंटला, ७ पुरायचे. सकाळ-संध्याकाळ एकेक बादली शिंपडणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. गोणपाट हाताला कायम ओलं लागलं पाहिजे. ओल्या मालात अनवाणी उतरू नका, सिमेंट कातडी खातं. गमबूट आणि मोजे घाला.

चालायला तिसऱ्या दिवशी हरकत नाही, गोणपाटावरून. मोटारसायकल दहा दिवसांनी, चारचाकी २८ दिवसांनी. सुपारी वाळत घालायला मात्र गोणपाट उचलल्यावर आणखी आठवडाभर थांबा, ओल पुरती गेलेली नसते आणि खालची सुपारी काळी पडते.